जळका कापूस

(अम्मानमधल्या अशरफियाच्या चढावर दोन दुकानं भिंतीला भिंत लावून आहेत. एक म्हाताऱ्या अबू लबीबचं, कॉफी भाजण्याचं. दुसरं मुहन्नदचं, ई-सिगारेटींचं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की म्हातारा शेजारी भांडायला येतो. आज तो हातातली ई-सिगारेट नाचवतच आला आहे.)

अबू लबीब : चव नाही म्हणजे नाही! वाफ विकतोस की पाणी? लवकर बोल, भट्टीत दाणे टाकून आलोय.

मुहन्नद : काका, हाच द्राक्ष-पुदिना सकाळी दोघांनी नेला. खूश होऊन गेले.

अबू लबीब : त्यांना काय डोंबल कळतंय! माझा सगळा धंदा या नाकावर उभा आहे. दाणा काढायचा की ठेवायचा, ते मी नुसत्या वासावर सांगतो. मला चव शिकवतोस?

मुहन्नद : बरं बाबा, नाही शिकवत. किती व्होल्टवर ओढताय?

अबू लबीब : बेचाळीस.

मुहन्नद : चार पॉइंट दोन? अहो, मी तीन पॉइंट चारवर लावून दिलं होतं!

अबू लबीब : चव येईना, म्हणून आच वाढवली. तरी येईना, म्हणून तू फुकट दिलेली ती दुसरी कॉइल घातली. शून्य पॉइंट सहावाली.

मुहन्नद : या अल्लाह! काका, तुमची एक पॉइंट दोन ओहमची होती. ओहम निम्मा केला की तेवढ्याच व्होल्टला तार दुप्पट तापते. सहावाली घालायची तर व्होल्ट खाली आणायचे. पातळ कढई आणि मोठी आच, दाणे टाकाल का तुम्ही?

अबू लबीब : वेडा आहे का मी? कोळसा होईल.

मुहन्नद : मग तारेतल्या, रस शोषणाऱ्या कापसाचा झाला असणार. द्या इकडे, बघू... थू! थू! पाणी... ती बाटली द्या आधी!

अबू लबीब : अरे, काय झालं?

मुहन्नद : नुसता जळका कापूस! घसा सोलून निघाला माझा. कधीपासून ओढताय हे?

अबू लबीब : परवापासून. आत्ता तुझ्या दारापर्यंत ओढतच आलो.

मुहन्नद : आणि काहीच वाटलं नाही?

अबू लबीब : तेच तर सांगतोय मघापासून. चव नाही.

मुहन्नद : काका, जरा डोळे मिटा. मिटा हो. आता हुंगा. काय आहे?

अबू लबीब : ...कागद.

मुहन्नद : माझं फलाफल आहे. लसणीच्या चटणीसकट.

अबू लबीब : सर्दी आहे मला.

मुहन्नद : कधीपासून?

अबू लबीब : हिवाळ्यात ताप आला तेव्हापासून. आमच्या हिला, उम्म लबीबला, आणि मला बरोबरच आला होता. मी उठलो. ती नाही उठली.

मुहन्नद : एवढे महिने झाले, काका! मग दाणे कसे भाजताय?

अबू लबीब : रंगावर. आवाजावर. हाताच्या सवयीवर. पुड्या परत यायला लागल्या, तेव्हा म्हटलं, लोकांचीच जीभ बिघडली. सुहैर म्हणाली, बाबा, भट्टीवर मी बसते. मी पोरीला हाकलून दिलं.

मुहन्नद : डॉक्टरला दाखवू. मी येतो बरोबर.

अबू लबीब : मुहन्नद, तिच्या दुखवट्याची कॉफी मीच भाजली होती. तू आला होतास.

मुहन्नद : आलो होतो.

अबू लबीब : कशी होती?

मुहन्नद : कडू. दुखवट्याच्या कॉफीत साखर कोण घालतं?

अबू लबीब : कडू आणि जळकी यातला फरक मला नको सांगूस.

मुहन्नद : ...जळकी होती, काका.

अबू लबीब : आणि सगळे प्यायले?

मुहन्नद : सगळे. उम्म लबीबच्या नावाची कॉफी, तिला कोण नावं ठेवणार? एकेक कप घेतला, ‘आता पुरे’ म्हणून हलवून परत दिला, बस्स.

अबू लबीब : मी दारात उभा राहून एकेकाचं तोंड बघत होतो. घोट घेतला की माणसाचे डोळे भरायचे. मला बरं वाटलं होतं रे. म्हटलं, तिच्यासाठी किती जीव तुटतोय लोकांचा.

मुहन्नद : तुटतच होता, काका. माझा तरी तुटत होता.

अबू लबीब : असू दे.

मुहन्नद : थांबा, नवी कॉइल घालतो. जुनीच, एक पॉइंट दोनची. पण आधी पाच मिनिटं कापूस भिजू द्यायचा हं, नाहीतर पुन्हा... काका.

अबू लबीब : काय?

मुहन्नद : दाणे टाकून आलात ना तुम्ही?

अबू लबीब : वास येतोय तुला?

मुहन्नद : येतोय.

अबू लबीब : जा, तूच बंद कर भट्टी. आणि सुहैरला फोन लाव. म्हणावं, बाबांनी बोलावलंय.