मासोळीची पसंती

मोर्शीहून अमरावतीला मुलगी पाहायला निघालेल्या नत्थुजींचे कान पुढच्या सीटकडे होते. तिथे मासे अभ्यासणारी रागिणी तिच्या मावशीशी बोलत होती.

"इतके दिवस धरणावर काय करून राहिली व तू?"

"मासे जोडी कशी जमवतात, ते पाहून राहिली मावशी. तिथं मादीच नर निवडते."

"अन् नर?"

"रंग दाखवते, तिच्यापुढं नाचते. नाई आवडला त ती सरळ निघून जाते."

"गोत्र पायते का?"

"जवळच्या नात्यातला टाळते."

"पाय, मासोईले बी समजते! अन् नराच्या बापाले कोण इचारते?"

"कोणीच नाई."

नत्थुजींनी शेजारी पेंगणाऱ्या मुलाला कोपराने ढोसलं.

"अंकुर, शर्ट खोच. अन् तिथं पोरीले चालाले लावू नको. तूच जरा चालून दाखवजो."