गुडघा हितं हाय

बारामतीच्या दवाखान्यात, ऑपरेशनच्या खोलीबाहेर, माझ्या शेजारच्या बाकावर पणदऱ्याहून सासूला घेऊन आलेली एक सून आणि इंदापूरहून धावत आलेली तिची नणंद बसली होती.

"वैनी, आईचा गुडघा दुखतोय म्हणला व्हता दादा. मग पोटाचं ऑपरेशन कसलं?"

"आतडं अडकलंय, वन्सं. कमरंखालच्या हाडात भोक असतंय, त्यात."

"हाडात? आतडं?"

"व्हय. हाडकुळ्या म्हाताऱ्या बायांना व्हतं म्हणं. गाठ दिसत न्हाय. कळ जांघंतनं गुडघ्यापतोर उतरती."

"अगं बाई! आन् तुमी?"

"आमी गुडघा शेकत बसलो. उलट्या झाल्या तर पित्त म्हणलो. आता स्कॅनमधी दिसलं. आतडं काळं पडलंय म्हणत्यात."

"आईनं जांघंचं डॉक्टरला सांगितलं न्हाय?"

"दर टायमाला संगं तुमचं दादाच. पोरापुढं जांघंचं नाव कसं काढतील?"

"तुमाला तरी सांगायचं!"

"न्हाय सांगितलं. पण शेकताना आत्या माझा हात धरून वर वढायच्या."

"मग?"

"मी परत खाली आणायची. म्हणायची, आत्या, गुडघा हितं हाय."