ऑपरेटरची चूक

बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर बहीणभाऊ बोलत होते. भावाच्या मांडीवर सिस्टीम्स इंजिनिअरिंगच्या सर्टिफिकेट कोर्सचं जाडजूड पुस्तक होतं.

"ताई, बाबा गेले तो अपघात आज वर्गात शिकवला."

"नाव घेतलं बाबांचं?"

"नाही. नुसतं 'ऑपरेटर' म्हणाले. यंत्रणा कुठे फसली, ते गटाने शोधायचं होतं."

"मग सांगायचं ना, मशीनवरचा तो धोक्याचा भोंगा दिवसभर उगाच बोंबलायचा! सगळेच त्याला फडकं बांधायचे, साहेबांच्या डोळ्यांदेखत!"

"माहितीये गं."

"काय लिहिलंत मग?"

"ऑपरेटरचा निष्काळजीपणा."

"आणि तू मूग गिळून बसलास?"

"नाही. वाचून मीच दाखवलं."

"अरे, का पण?"

"बाबांच्याच जागेवर लागलोय, ताई. कोर्सला कंपनीनेच पाठवलंय."

"आईला काय सांगणार आहेस?"

"आमचा गट पहिला आला म्हणून."