कोपऱ्यातला आकडा

दार उघडंच राहू द्या, मॅडम — नाहीतर बाहेर म्हणतील, परीक्षा विभागातली बाई आत रडतेय. आणि छातीत दुखतं का, हे तुम्ही दुसऱ्यांदा विचारलंत. नाही दुखत. जिना चढताना धाप? तीही नाही. मग माझ्या तब्येतीच्या अर्जावर तसं का लिहिलंय, ते मी काय सांगू? कर्मचारी आरोग्य कक्ष म्हणे! बावीस वर्षांत या विद्यापीठात मला कुणी पाणी प्यालीस का म्हणून विचारलं नाही, आणि आता एकदम मऊ खुर्ची, कुंडीत रोपटं, गोड आवाज — माणूस सावध होणारच ना? अर्जावर नाव लिहू नका म्हणालात. बरं. मग कोपऱ्यात तो छोटा आकडा कशाला चिकटवलात? अहो, माझं कामच ते. मुलांचा बैठक क्रमांक झाकायचा, वर आपला आकडा चिकटवायचा, म्हणजे पेपर कुणाचा ते तपासणाऱ्याला कळत नाही. पण यादी असतेच, मॅडम. कपाटात, कुलपात — आणि किल्ली माझ्याकडे असते.

तर तो आकडा मला दिसला अगदी शेवटी. तोवर मी वेड्यासारखी सगळं खरं लिहून बसले होते — की तीन आणि आठ मला हल्ली सारखेच दिसतात, की दुपारनंतर मी आकडे अंदाजानं लावते. हे साहेबांच्या कानावर गेलं तर? आमच्या विभागाच्या त्या खोलीत मला मान आहे, दुसरीकडे कुठे नाही, अगदी घरातसुद्धा — हे लिहून घेऊ नका. पेन खाली ठेवा. हं.

आता बोललेच आहे तर ऐका. विभागाचे अर्ज गोळा करून मीच आणले. वाटेत माझा आकडा सोडवला — नखानं, अलगद, कागद न फाडता — आणि खालच्या अर्जावर लावला, त्याचा माझ्यावर. वाचला? छे! कुणाचा पेपर मी आजवर वाचलेला नाही. अक्षर तेवढं ओळखलं, आमच्या आवक-जावकवालीचं. तिचं काय बिघडणार होतं? तुम्ही डोळे तपासायला बोलावलं असतं, ती हसत आली असती, हसत गेली असती. धडधाकट बाई. आणि खरं सांगू का, माझा रागच होता तिच्यावर. रोज जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबते, एका हातानं कठडा धरून, दुसऱ्या हातानं मोबाइल कानाला. मी आले की गप्प, नुसती हातानं खूण — तू हो पुढे. मला वाटायचं, साहेबांना चुगल्या चालल्यात, माझ्याच. नाहीतर रोज, दर मजल्याला, कुणाचा एवढा फोन येतो — आणि बोलत तर काहीच नाही, नुसती कठडा धरून —

थांबा. मघाशी काय विचारलंत तुम्ही मला?

अर्ज देऊन नऊ दिवस झाले. तुमचे तीन निरोप आले, आणि मी म्हटलं, सापळा आहे, जायचं नाही. नऊ दिवस ती तो जिना चढतेय, मॅडम.

उठा. माझ्यासमोर काय बसलात? तिसरा मजला, डावीकडचं पहिलं टेबल. माझं काय ते साहेबांना सांगा, खुशाल सांगा. आणि तिला इथे खाली बोलावू नका — परत चढावं लागेल तिला. तुम्हीच जा वर. जा ना.