कुंपणापल्याडचा धूर

बारामतीच्या स्टँडवर निरवांगीची गाडी अजून लागायची होती. बाकावर टेकलेल्या प्रतिक्षाच्या पाठीमागं दोन म्हाताऱ्या बोलत बसल्या होत्या. मान न वळवता ती ऐकत राहिली.

"साखरबाई, नातवाचा वाढदिवस लई झ्याक झाला म्हणं!"

"झाला बाई. अंगणात मांडव, माळा, दोनशे पान उठलं. पाय अजून ठणकत्यात."

"मग तोंड का उतरलंय?"

"पंगत बसली, अन् कुंपणापल्याड थोरल्या जावंच्या चुलीचा धूर दिसला."

"आगं, तिला आवतान न्हाय दिलं?"

"पोरानं समद्यांस्नी मोबाइलवर धाडलं. तिच्याकडं कुठला आलाय मोबाइल? मला वाटलं, घरचंच माणूस हाय, आपसूक यील."

"घरच्या माणसालाबी दारात जाऊन सांगावं लागतं, बाई."

"दारात गेले व्हते की. सकाळीच गेले व्हते."

"मग?"

"तिची मोठी पातेली मागायला."

समोरून एक गाडी धूळ उडवत निघून गेली. ती इंदापूरची होती.

"दिली का गं तिनं?"

"दिली की. घासून-पुसून दिली."