टेप लोड होताना

अर्शी : अब्बा, आधी स्टुलावरनं उतरा. ते खोकं मी काढते.

फक्रुद्दीन : तुला सापडंल व्हय? तुझ्या अम्मीनं माळ्यावर सगळ्या गाद्या रचून ठेवल्यात. हां, धर... सोडू नको. कॉम्प्युटर हाय त्यो, कलिंगड न्हवं.

अर्शी : धरलंय. आता सावकाश उतरा. आणि खांदा का चोळताय?

फक्रुद्दीन : गाद्या सरकवल्या की.

अर्शी : गाद्या आत्ता सरकवल्यात. सकाळी चहा घेतानाही चोळत होता.

फक्रुद्दीन : मग खांद्यानं सकाळीच वळखलं आसंल, म्हातारं आज माळ्यावर चढणार म्हणून.

अर्शी : हसण्यावारी नेऊ नका. राजारामपुरीतले डॉक्टर रविवारीही बसतात, मी फोन करून विचारलंय. रिक्षानं जाऊन येऊया का?

फक्रुद्दीन : तू पुण्याहून वर्षातनं चारदा येतीस, आन् त्यातला एक रविवार डॉक्टरच्या बाकड्यावर घालवायचा? टीव्ही बघ. रिपेरीवाल्या कृष्णातनं दुरुस्त करून दिला. एवढा मोठा डबा कोण वापरतंय म्हणून हसत हुता. म्हटलं, माझी पोरगी येणार हाय.

अर्शी : अम्मी शिरोळला मावशीकडे गेलीय म्हणून हे सगळं चाललंय. ती असती तर माळ्याला हात लावू दिला नसता.

फक्रुद्दीन : तुझी अम्मी! मुंबईला गेलतो दुकानासाठी कापड आणायला, आन् हे घेऊन आलो. लई दिवस बोलली न्हाय माझ्याशी. गल्लीत बोंब, टेलरनं कॉम्प्युटर आणला. शेजारचा गुंडू काय म्हणायचा आठवतंय?

अर्शी : ‘फक्रूभाई, ह्यानं काजं पाडणार की बटणं लावणार?’

फक्रुद्दीन : हां! आन् संध्याकाळी गेम खेळायला त्याच्याच पोरांची माझ्या दारात रांग. आईशप्पथ, दुकानात गिऱ्हाईक कमी आन् घरात जास्ती. ह्ये रबरी बटणं बघ, अजून तशीच मऊ हायत.

अर्शी : ‘ए’ अक्षर पुसलंय.

फक्रुद्दीन : तूच पुसलंस. गेममधल्या विहिरीतल्या माणसाला डावीकडं पळवून पळवून. आज तळ गाठायचा, अर्शी. कुणीच गाठला न्हाय. दोर सुटतो, न्हाय तर कंदिलातलं तेल संपतंय. ती गेमची क्यासेट दे. आन् टेपचा स्क्रू जुळवायला शिलाई मशीनचा बारका पेचकस.

अर्शी : थांबा, तो मी फिरवते. तुमचा खांदा दुखतोय.

फक्रुद्दीन : वय झालंय त्याचं. डावीकडं फिरव, थोडा. बास. टेपची शिट्टी बारीक व्हायला पायजे, सुईगत. आता फ्रीज बंद कर.

अर्शी : केला.

फक्रुद्दीन : पंखा.

अर्शी : पंखा राहू दे ना. आता कुठं व्होल्टेज पडतंय पूर्वीसारखं?

फक्रुद्दीन : ह्या घरात पंखा चालू ठेवून लोड झालंय कधी? नियम म्हंजे नियम. फोन.

अर्शी : माझा चालू ठेवते.

फक्रुद्दीन : बंद. त्याची घरघर शिरती टेपमधी.

अर्शी : अब्बा, किती घाम आलाय तुम्हाला. शर्ट चिकटलाय पाठीला.

फक्रुद्दीन : पंखा बंद केलास की! घाम न्हाय तर काय गारा पडणार?

अर्शी : पाणी आणू?

फक्रुद्दीन : नंतर. आता चालायचं न्हाय, फरशी हादरती. तू हितं म्होरं बस, मी मागं भिंतीला टेकतो. लहानपणी बसायचो तसं.

अर्शी : हे झाल्यावर जाऊन येऊया का? नुसतं दाखवून यायचं.

फक्रुद्दीन : झाल्यावर बघू. तळ बघून जाऊ. आता एक अक्षर बोलायचं न्हाय.

अर्शी : खरंच बरं वाटतंय ना?

फक्रुद्दीन : श्श्.

(टेपची कर्कश शिट्टी. टीव्हीच्या कडांना निळ्यापिवळ्या पट्ट्या धावतात.  मग अंधार. पुन्हा उजेड होतो तेव्हा तीच खोली. फक्रुद्दीनच्या मृत्यूनंतरचा चाळिसावा दिवस होऊन गेला आहे. अर्शी आणि तिची आई अमीरबी.)

अमीरबी : ऱ्हाऊ दे ते खोकं तिथंच. माळ्यावर नको.

अर्शी : बरं.

अमीरबी : आन् बस जरा. आल्यागेल्या सगळ्यांना सांगितलंस. तुझ्या भावाला, अझीमला, दुबईला फोनवर सांगितलंस. मला सांगितलं न्हाईस.

अर्शी : तुला पहिल्यांदा सांगितलं, अम्मी.

अमीरबी : ‘अटॅक आला’ म्हणालीस. तेवढं तर शिरोळात फोन वाजला तवाच कळलं मला. काय झालं ते सांग.

अर्शी : गेम लोड होत होता. मी स्क्रीनकडे तोंड करून बसले होते. ते माझ्या मागे.

अमीरबी : हाक मारली न्हाय?

अर्शी : लोड होताना आपल्या घरात कोण हाक मारतं?

अमीरबी : कण्हले न्हाईत? काहीच न्हाय?

अर्शी : शिट्टी चालू होती. मध्येच माझ्या पाठीवर हात ठेवला त्यांनी. जड. मला वाटलं, हलू नको म्हणतायत. लहानपणी ठेवायचे तसा. मी श्वाससुद्धा रोखून धरला.

अमीरबी : मग?

अर्शी : मग हात खाली घसरला. मला वाटलं, दमले. शिट्टी थांबली, विहीर आली स्क्रीनवर. मी ओरडले, अब्बा, आला! पहिल्या झटक्यात आला! आणि मागं वळले.

अमीरबी : या अल्ला.

अर्शी : फोन बंद होता. सुरू होईपर्यंत मी नुसती त्याच्याकडे बघत बसले होते.

अमीरबी : डॉक्टर काय म्हटले?

अर्शी : थोडं आधी आणलं असतं तर, म्हणाले. 

अमीरबी : त्याआधी तू काय म्हणलीवतीस त्यांना?

अर्शी : जाऊन येऊया का, म्हटलं. दोनदा.

अमीरबी : म्हंजे इचारलंस.

अर्शी : हो.

अमीरबी : मीबी जल्मभर इचारतच आले. वाढू का, माहेरी जाऊ का, अझीमला पाठवू का. ह्या घरात त्यांनी सांगायचं आन् आपण इचारायचं. वाईट न्हवते ते. पण तसंच होतं. तू माझंच बघून शिकलीस.

अर्शी : अम्मी, तू स्वतःला दोष नको लावून घेऊस.

अमीरबी : कुणालाच लावत न्हाय. तू सांगितलं असतंस तर ऐकलं असतं का न्हाय, अल्लाला ठाऊक. बहुतेक न्हाय. पण एकदा तरी ह्या घरात कुणीतरी त्यांना सांगितलेलं मला ऐकायचंय.

अर्शी : आता?

अमीरबी : आता. मी काल एकटी असताना हितं बसून म्हणून बघितलं. माझ्या तोंडातनं ‘जाऊया का’च निघालं. तू म्हण.

अर्शी : कुणाला म्हणू, अम्मी? इथं कोण आहे?

अमीरबी : भिंतीकडं बघ. टेकून बसलेवते न्हवं?

अर्शी : अब्बा...

अमीरबी : असं न्हाय. हे तर तू इचारताना म्हणतीस. मोठ्यानं.

अर्शी : अब्बा, उठा. चपला घाला. आत्ता जायचंय.