हरकत नोंदवण्याची रांग

देशभरातलं कौशल्यशिक्षण शिकवणाऱ्यांना विचारूनच नव्यानं आखायचं ठरलं होतं. सूचना द्यायच्या रांगेत शिवणकामाच्या बाईंपुढे उभे असलेले सुतारमास्तर, नुकतेच आत जाऊन आलेल्या वायरमनमास्तरांशी कुजबुजत होते.

“माझा अर्ज आधीच भरून आलाय, वायरमन.”

“बरंय की! लिहायचे कष्ट वाचले.”

“अहो, मी आज तोंडी सांगणार होतो ते सगळं यात आहे. रंधा मारायला दोन वर्षं हवीत, त्याशिवाय पोरांचा हात बसत नाही. शब्द न् शब्द माझा.”

“घरी बोलला असाल.”

“फक्त अंघोळ करताना. तेही मनातल्या मनात.”

“मग कुरकुरताय कशाला?”

“शेवटची ओळ वाचा.”

“‘सुतारकाम बंद करायला माझी हरकत नाही.’ सही तर तुमचीच दिसतेय.”

“मी केलेली नाही! आत जाऊन खोडूनच येतो.”

“जाऊन आलात तुम्ही. हा बघा शिक्का, सव्वादहाचा.”

“आत्ता कुठे दहा वाजतायत.”

“मग घाई कशाला करताय?”

बरोबर सव्वादहाला दार उघडलं. आतून सुतारमास्तरांचा खणखणीत आवाज आला, “झालं माझं. बाई, या तुम्ही.”

बाहेर उभे असलेले सुतारमास्तर बाईंना वाट द्यायला अदबीनं बाजूला झाले.